बीएनपी : एका रक्तचाचणीचा व्यापार आणि रुग्णाचा खिसा

चार पावले चालले की धाप लागते, पाय सुजतात, रात्री आडवे झाले की श्वास कोंडतो. हे दुखणे फुफ्फुसाचे की हृदयाचे? या एका प्रश्नावर रक्तचाचणीचा मोठा धंदा उभा राहिला आहे. त्या चाचणीचे नाव बीएनपी.

१९८८ साली जपानी संशोधकांनी डुकराच्या मेंदूतून हा पदार्थ वेगळा केला. त्यामुळे त्याच्या नावात मेंदू कायमचा राहिला. माणसात मात्र तो मुख्यतः हृदयात तयार होतो. हृदयाच्या भिंतींवर ताण वाढला की त्याचे रक्तातील प्रमाण वाढते. जादा मीठ व पाणी लघवीवाटे बाहेर टाकून हृदयाचा भार हलका करणे हे त्याचे काम.

या शोधाला बाजार मिळवून दिला तो अमेरिकेतील सॅन दिएगोच्या बायोसाइट कंपनीने. २००० साली तिच्या चाचणीला तेथील सरकारी मंजुरी मिळाली. रक्ताचे काही थेंब, एक छोटे यंत्र आणि सुमारे १५ मिनिटांत आकडा! धाप लागून तातडीच्या विभागात आलेल्या १,५८६ रुग्णांचा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात १०० पिकोग्रॅम ही मर्यादा धरली असता शंभरात ८३ निदाने बरोबर ठरली. धंद्यालाही बरकत आली. २००७ मध्ये बेकमन कूल्टरला मागे सारून इन्व्हर्नेस कंपनीने सुमारे १७० कोटी डॉलर मोजून बायोसाइट विकत घेतली. रोश कंपनीची एनटी-प्रोबीएनपी ही भावंड-चाचणीही तोवर बाजारात आली होती.

या चाचणीची खरी किंमत तिच्या नकारात आहे. तातडीच्या रुग्णात बीएनपी १०० च्या किंवा एनटी-प्रोबीएनपी ३०० च्या खाली असेल, तर धाप हृदयामुळे असण्याची शक्यता फार कमी. आकडा जास्त आला म्हणून मात्र निदान पक्के होत नाही. वाढते वय, मूत्रपिंडाचा विकार आणि हृदयाची अनियमित गती यांनीही तो वाढतो. उलट स्थूल माणसात तो फसवा कमी येतो. म्हणूनच पुढे इकोची तपासणी लागते.

मग औषधे चालू असताना ही चाचणी पुन्हा पुन्हा करावी काय? अमेरिका व कॅनडातील ८९४ रुग्णांवर हे तपासले गेले. आकडा १,००० च्या खाली आणण्याचे लक्ष्य ठेवून उपचार केलेल्यांना नेहमीच्या चांगल्या उपचारांपेक्षा अधिक लाभ दिसला नाही. तो प्रयोग मुदतीआधीच थांबवून २०१७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध करण्यात आले. प्रकृतीत बदल झाला तर डॉक्टर फेरचाचणी सांगतील, ती जरूर करावी. निव्वळ सवयीने दरमहा पैसे खर्च करण्यात हशील नाही.

ग्राहकाने एवढे लक्षात ठेवावे : दोन्ही चाचण्यांचे आकडे एकमेकांशी ताडू नयेत. सॅक्युबिट्रिल असलेली गोळी चालू असेल तर बीएनपी औषधानेच वाढू शकते, अशा वेळी एनटी-प्रोबीएनपी अधिक भरवशाची. आणि जुना रिपोर्ट जपून ठेवावा, कारण त्याच्याशिवाय नव्या आकड्याचा अर्थ लावणे कठीण.