डिस्चार्ज बुकात न आलेले युद्ध : माजी सैनिकांच्या पदकांची नोंद दुरुस्त कशी करायची?

१९७१ च्या युद्धात आघाडीवर असलेल्या आपल्या वस्तीतल्या एखाद्या आजोबांचे डिस्चार्ज बुक उघडा आणि पदकांचे पान वाचा. तिथे 'संग्राम मेडल' लिहिलेले असेल आणि 'पश्चिमी स्टार' किंवा 'पूर्वी स्टार' लिहिलेला नसेल, तर त्या कागदाचा सरळ अर्थ असा होतो की हा माणूस त्या काळात फौजेत होता, पण प्रत्यक्ष युद्धक्षेत्रात नव्हता. आजोबा सांगतात वेगळे आणि कागद सांगतो वेगळे. सरकार दरबारी कागदाचे चालते.

हा फरक अनेकांना माहीत नसतो. फौजी घरातल्या तरुणांनाही नसतो. युद्धाची पदके साधारण दोन पातळ्यांवर दिली गेली. १९६५ साठी 'समर सेवा स्टार' आणि 'रक्षा मेडल', १९७१ साठी 'पूर्वी' किंवा 'पश्चिमी स्टार' आणि 'संग्राम मेडल', १९९९ च्या कारगिलसाठी 'ऑपरेशन विजय स्टार' आणि 'ऑपरेशन विजय मेडल'. यात स्टार आहे तो ठरवून दिलेल्या युद्धक्षेत्रात प्रत्यक्ष सेवा केलेल्यांसाठी, आणि मेडल आहे ते त्या काळातल्या व्यापक सेवेसाठी. म्हणून 'एक पदक आहे ना, मग झाले' असे म्हणून विषय सोडू नये.

पदकाचा एवढा आग्रह कशाला?

आम्हाला हा प्रश्न तरुण कार्यकर्ते विचारतात. काही जण तर पुढे जाऊन विचारतात की बौद्धांनी युद्धाच्या पदकांचे कौतुक का करावे? 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी हत्येची इच्छा आणि हत्येची गरज यांत बुद्धाने केलेला भेद मांडला आहे. तो नीट वाचला की या शंकेचे उत्तर मिळते, म्हणून इथे त्यात जास्त शिरत नाही. आमचा मुद्दा पदकाच्या धातूचा नाही, नोंदीचा आहे.

आपल्या समाजाने सैन्यातल्या नोंदीसाठी केवढी झुंज दिली, ते आठवून पाहा. १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला महारांची लष्करभरती बंद झाली. त्याविरुद्ध १८९४ मध्ये गोपाळबाबा वलंगकरांनी विनंतीअर्ज तयार केला. १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनी थेट भारतमंत्र्यांकडे अर्ज केला. 'आमच्या पूर्वजांनी तुमच्या फौजेत सेवा केली आहे' हा या अर्जांचा कणा होता, आणि ती सेवा दाखवायला कागद लागत होता, दगड लागत होता. कोरेगावच्या स्तंभावरची 'नाक' शेवटी असलेली नावे आज आपल्याला महार सैनिकांची म्हणून ओळखता येतात, ती कुणीतरी कोरून ठेवली म्हणून. पुढे १९१७ मध्ये १११ महार ही पलटण उभी राहिली आणि पहिले महायुद्ध संपल्यावर मोडली गेली. १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली, त्यामागेही बाबासाहेबांचा पाठपुरावा होता. ते त्या वर्षी संरक्षण सल्लागार समितीवर होते. एवढ्या खटपटीनंतर मिळालेल्या वर्दीतली सेवा एका कारकुनी चुकीमुळे अर्धीच लिहिली जावी, हे आम्हाला मान्य नाही.

शिवाय काही ठिकाणी प्रश्न थेट पोटाचा असतो. युद्धक्षेत्रातल्या नुसत्या स्टारला मासिक भत्ता नसतो, हे आधीच स्पष्ट सांगतो. खोटी आशा दाखवून अर्ज भरून घेणारे एजंट पुष्कळ आहेत. पण जखमेची नोंद चुकली असेल तर गोष्ट वेगळी. शत्रूच्या कारवाईत जखमी झालेला सैनिक 'बॅटल कॅज्युअल्टी' धरला जातो. त्याला आज वूंड मेडल मिळते, पूर्वी त्याला 'पराक्रम पदक' म्हणत. त्याच अपंगत्वासाठी साध्या अपंगत्व भागाच्या दुप्पट दराने युद्धजखमी भाग पेन्शनमध्ये मिळतो. ३१ जानेवारी २००१ च्या संरक्षण मंत्रालयाच्या पत्रात अपंगत्वाच्या कारणांचे 'ए' ते 'ई' असे गट पाडलेले आहेत, आणि शत्रूच्या कारवाईतली जखम 'ई' गटात येते. सुरुंगावर पाय पडलेल्या माणसाच्या कागदावर नुसते 'अपघात' लिहिले गेले असेल, तर त्याचे नुकसान दर महिन्याला होत राहते.

आधी चूक कुठली आहे ते ओळखा

पदक मिळाले नाही याचे तीन अर्थ होऊ शकतात, आणि तिन्हींचा रस्ता वेगळा आहे.

सर्वांत सोपा प्रकार म्हणजे नोंद आहे, पण धातूचे पदक हातात आले नाही. पदकांच्या तुटवड्यामुळे असे फार झाले आहे. अनेक जवानांनी कँटोन्मेंटच्या बाजारातून नक्कल विकत घेऊन छातीवर लावली. खऱ्या पदकाच्या कडेवर सैनिकाचा नंबर आणि नाव कोरलेले असते, बाजारातल्या पदकावर नसते. इथे नोंद दुरुस्त करायची नसते, फक्त पदकाची मागणी करायची असते.

दुसरा प्रकार म्हणजे हक्क आहे पण नोंदच नाही. आमच्या मते खरा लढा इथे आहे. सैनिकाची बदली, रजा, हॉस्पिटलमध्ये भरती, बढती, पदक, सगळे युनिटच्या 'पार्ट टू ऑर्डर'मध्ये छापले जाते आणि तिथून रेकॉर्ड ऑफिसमधल्या त्याच्या 'शीट रोल'वर चढते. युद्ध संपताच जवान दुसऱ्या युनिटला गेला, किंवा जखमी होऊन हॉस्पिटलमध्ये राहिला आणि मागे युनिटने पदकांची यादी काढली, की त्याचे नाव गळू शकते. जुने युनिट समजते नवे युनिट करील, नवे युनिट समजते जुन्याने केले असेल.

तिसरा प्रकार शौर्यपदकाचा. परमवीर चक्र, महावीर चक्र, वीर चक्र, सेना मेडल ही पदके केवळ तिथे हजर होतो म्हणून मिळत नाहीत. त्यासाठी कमांडिंग ऑफिसरची शिफारस लागते, ती वर जाते, मंजूर होते. शिफारसच झाली नसेल तर अनेक वर्षांनी ती करून घेणे जवळपास अशक्य असते, आणि न्यायालयेही त्यात सहसा हात घालत नाहीत. मंजुरी होऊनही नोंद चढली नसेल, तर मात्र भांडायला जागा आहे. आजोबांच्या मनात दुःख तिसऱ्या प्रकारचे असते आणि कागदावर केस दुसऱ्या प्रकारची असते, असे होऊ शकते. त्यांना हे समजावून सांगायला थोडा वेळ द्या.

कागद गोळा करणे

डिस्चार्ज बुक, पीपीओ, माजी सैनिक ओळखपत्र हे तर हवेच. त्यापलीकडे घरातली ट्रंक रिकामी करून बघा. युद्धाच्या दिवसांत घरी आलेले आंतर्देशीय पत्र सापडले तर ते फेकू नका. त्यावर फील्ड पोस्ट ऑफिसचा शिक्का आणि '५६ एपीओ' किंवा '९९ एपीओ' असा पत्ता असतो. ९९ पूर्वेकडचा, ५६ पश्चिम आणि उत्तरेकडचा. एवढ्याने हक्क सिद्ध होत नाही, पण तारीख आणि दिशा कळते. जखमी झाल्याची तार, मिलिटरी हॉस्पिटलचा डिस्चार्ज कागद, मेडिकल बोर्डाची प्रत, एकाच कंपनीत असलेल्या सोबत्याचे प्रतिज्ञापत्र, यातले जे असेल ते जोडा. सोबत्याच्या डिस्चार्ज बुकात स्टार असेल आणि दोघे त्या तारखांना एकाच कंपनीत असतील, तर ती सर्वांत बोलकी प्रत ठरते. १९७१ ला विशीत असलेले जवान आज सत्तरीच्या पुढे आहेत. प्रतिज्ञापत्र आजच करून घ्यावे लागते.

आपल्या घरांत नावाचा एक वेगळाच गुंता आढळतो. भरतीच्या वेळी नुसते नाव आणि वडिलांचे नाव लिहिले गेले, आडनाव नाही. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर काही कुटुंबांनी नावे-आडनावे बदलली, धर्माच्या रकान्यात बौद्ध लिहायला सुरुवात केली. आज आधारवर एक नाव, पीपीओवर दुसरे आणि मुलाच्या दाखल्यावर तिसरे असते. पदकाच्या अर्जात सैनिकाचे नाव डिस्चार्ज बुकात जसे आहे अगदी तसेच लिहा, स्पेलिंग चुकीचे असले तरी. दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचे प्रतिज्ञापत्र सोबत जोडा. नाव दुरुस्तीचा अर्ज वेगळा करा. दोन्ही मागण्या एकाच कागदात घातल्या की टेबलावरच्या बाबूला फाइल बाजूला ठेवायला निमित्त मिळते.

अर्ज कुठे, आणि पुढे काय?

अर्ज ज्या दलात सेवा झाली त्याच्या रेकॉर्ड ऑफिसकडे जातो. महार रेजिमेंटचे मध्य प्रदेशातल्या सागरला आहे. पण आपले सगळे फौजी महार रेजिमेंटमध्ये नव्हते. तोफखान्याचे रेकॉर्ड नाशिक रोडला, बॉम्बे सॅपर्सचे खडकीला, मराठा लाइट इन्फंट्रीचे बेळगावला, सिग्नल्सचे जबलपूरला, ईएमईचे सिकंदराबादला. अर्ज हिंदीत किंवा इंग्रजीत करा. सर्व्हिस नंबर, हुद्दा, युनिट, कंपनी, कुठल्या तारखांना कुठल्या भागात होतो आणि नेमके कुठले पदक नोंदीत नाही, एवढेच लिहा. त्या काळातल्या पार्ट टू ऑर्डर तपासून पदकाची नोंद प्रसिद्ध करावी, शीट रोल व डिस्चार्ज बुक दुरुस्त करावे आणि पदक द्यावे, ही मागणी स्पष्ट शब्दांत हवी. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत अर्ज पाठवला तर बरे, कारण तिथे जावक क्रमांक मिळतो. एक प्रत स्पीड पोस्टाने स्वतंत्र पाठवा आणि पावती जपून ठेवा.

जातीमुळे डावलले, असा आरोप पहिल्या अर्जात करू नये, असे आमचे मत आहे. कुठे तसे घडलेच नसेल असे आम्ही म्हणत नाही. पण या प्रकरणांत पार्ट टू ऑर्डर निघाली की नाही एवढाच प्रश्न असतो. आरोप आला की उत्तर आरोपाचे येते आणि नोंदीचा प्रश्न तसाच राहतो. भेदभाव झाला असेल तर तो दाखवायचा मार्ग मोठा आहे. अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धात दहा लाखांहून अधिक कृष्णवर्णीय सैनिकांनी सेवा केली, पण त्या युद्धासाठी एकालाही 'मेडल ऑफ ऑनर' मिळाले नव्हते. १९९३ मध्ये तिथल्या लष्कराने शॉ विद्यापीठाकडून जुन्या नोंदी तपासून घेतल्या आणि १९९७ मध्ये सात जणांना ते पदक दिले गेले. जिवंत होते फक्त व्हर्नन बेकर. तिथेही हा अन्याय एका माणसाच्या अर्जातून सिद्ध झाला नाही, नोंदी एकत्र मांडल्यावर सिद्ध झाला. आपल्याकडे कुणी तालुका-तालुक्यातून डिस्चार्ज बुकांच्या प्रती जमवायला घेतल्या तर आम्हाला आनंद होईल.

उत्तर आले नाही तर माहिती अधिकार वापरा. सेना त्यातून वगळलेली नाही. दहा रुपये शुल्क, तीस दिवसांची मुदत. स्वतःच्या शीट रोलची आणि स्वतःचे नाव असलेल्या पार्ट टू ऑर्डरची प्रत मागा, युनिटच्या हालचालींचे तपशील मागू नका. ते सुरक्षेच्या नावाखाली नाकारले जातात आणि बाकीचा अर्जही त्यात अडकतो.

त्यानंतरचा टप्पा सशस्त्र दल न्यायाधिकरणाचा. २००७ च्या कायद्याने ते स्थापन झाले आणि त्याचे एक खंडपीठ मुंबईत आहे. आधी अर्ज करून सहा महिने वाट पाहावी लागते. नकार आला तर त्यापासून सहा महिन्यांत तिथे जायचे असते, उशीर माफ करण्याचा अधिकार न्यायाधिकरणाला आहे. हे न्यायाधिकरण लढाईची नोंदही बदलायला लावू शकते. कारगिलमध्ये बटालिक भागात लढलेल्या ब्रिगेडियर देविंदर सिंग यांच्या प्रकरणात वरिष्ठांनी लढाईच्या अहवालात त्यांची कामगिरी डावलल्याचे न्यायाधिकरणाने २०१० मध्ये मान्य केले आणि दुरुस्तीचे आदेश दिले. पेन्शन गुंतलेली असेल तर आणखी एक गोष्ट माहीत हवी. २००८ च्या तरसेम सिंग निकालानंतर जुनी थकबाकी साधारणपणे दावा दाखल होण्याआधीच्या तीन वर्षांचीच मिळते. म्हणजे उशिराचा प्रत्येक महिना खिशातून जातो.

सैनिक हयात नसेल तर पत्नी किंवा वारस हेच सगळे करू शकतात, न्यायाधिकरणाच्या कायद्यातही वारसांचा उल्लेख आहे. त्यांना बहुधा उत्तर मिळते की कागद नष्ट झाले. नियमाप्रमाणे पेन्शन नसलेल्यांचे सेवाकागद पंचवीस वर्षांनी आणि पेन्शनधारकांचे पन्नास वर्षांनी नष्ट करता येतात, त्यामुळे हे उत्तर खरेही असू शकते. पण 'लाँग रोल' नावाची मूळ नोंदवही कायम ठेवली जाते. अशा उत्तरानंतर दुसरे पत्र फक्त तिच्यासाठी लिहावे : लाँग रोलमधील या सर्व्हिस नंबरसमोरच्या नोंदीची साक्षांकित प्रत द्यावी, आणि इतर कागद कोणत्या तारखेला, कोणत्या आदेशाने नष्ट केले ते कळवावे.