लाव्हा किती वाहिला, यापेक्षा त्याने काय जाळले

महाराष्ट्राचा बहुतेक भाग ज्या काळ्या कातळावर उभा आहे, तो दख्खनचा बेसॉल्ट सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा होऊन वाहिला. आजही त्याने सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर जमीन व्यापली आहे. डायनोसॉर नाहीसे झाले तेही याच सुमारास. त्यामुळे सह्याद्री घडवणाऱ्या उद्रेकांनीच त्यांचा घास घेतला, असे मानण्याचा मोह होतो. मला ते पटत नाही. जीवसृष्टीच्या मोठ्या संहारांत लाव्हा किती वाहिला यापेक्षा त्याच्या वाटेत कोणता खडक आला आणि त्यातून किती झपाट्याने वायू सुटले, हे अधिक निर्णायक ठरते.

सायबेरियाकडे पाहा. सुमारे २५.२ कोटी वर्षांपूर्वी तिथे दख्खनसारखाच, किंबहुना त्याहून मोठा उद्रेक झाला. पण तो शिलारस सगळाच थेट वर आला नाही. तुंगुस्का खोऱ्यातल्या दगडी कोळसा, चुनखडी आणि मिठाच्या थरांत तो आडवा घुसला आणि ते थर भाजून निघाले. त्यातून कार्बन डायऑक्साइड, मिथेन आणि क्लोरीनची संयुगे बाहेर पडली. ती ज्या नळ्यांतून वर फुटली, त्या खडकात आजही दिसतात. समुद्र तापला, त्याची आम्लता वाढली, त्यातला प्राणवायू घटला. सागरी प्रजातींपैकी ८० टक्क्यांहून अधिक नष्ट झाल्या; आधीच ओसरत चाललेला ट्रायलोबाइट या सागरी प्राण्यांचा वंश कायमचा संपला. ज्वालामुखी संहार घडवू शकतो, याबद्दल इथे शंका उरत नाही.

दख्खनच्या बाबतीत मात्र पुरावा दुसरीकडे बोट दाखवतो. १९८० मध्ये लुईस आणि वॉल्टर अल्वारेझ या पितापुत्रांनी सहकाऱ्यांसह इटलीतल्या गुबियोजवळच्या डायनोसॉर नाहीसे झाले त्या काळच्या मातीच्या पातळ थरात इरिडियमचे असाधारण प्रमाण दाखवले. हा धातू भूपृष्ठावर दुर्मीळ, पण अशनींत मुबलक असतो. पुढे मेक्सिकोच्या युकातान द्वीपकल्पात चिक्षुलूब इथे जमिनीखाली गाडले गेलेले लघुग्रहाच्या आघाताने पडलेले सुमारे १८० किलोमीटर व्यासाचे विवर ओळखले गेले. तिथेही खडकानेच घात केला. लघुग्रह आदळला तो जिप्सम आणि चुनखडीच्या थरांवर. गंधकाची संयुगे एकदम वातावरणात उडाली, सूर्यप्रकाश अडला आणि अन्नसाखळी मुळापासून कोसळली. समुद्रात तरंगणाऱ्या फोरामिनिफेरा या सूक्ष्म जीवांच्या बहुतेक प्रजाती नेमक्या त्या इरिडियमच्या थराशी संपतात.

यावर आक्षेप आहे, आणि तो हलका नाही. गेर्टा केलर यांच्यासारखे संशोधक दख्खनलाच मुख्य कारण मानत आले आहेत. उद्रेक आघाताच्या आधीच सुरू झाले होते, हे खरेच आहे. २०१९ मध्ये दोन गटांनी वेगवेगळ्या पद्धतींनी या खडकांचे वय काढले. एका गटाच्या मते आघाताच्या ऐन तोंडावर लाव्हाचा मोठा लोंढा आला. दुसऱ्याच्या मते बहुतेक लाव्हा आघातानंतरचा. मग लाव्हाच्या आधीच वायू सुटले असतील का? शक्य आहे, आणि समुद्राच्या तापमानाच्या नोंदींत त्याची खूणही दिसते: संहाराच्या दोन-तीन लाख वर्षे आधी हवामान काही अंशांनी तापले होते. पण आघातापूर्वीच ते बरेचसे निवळले, आणि त्या तापण्यात एवढा संहार झाला नाही. घाटरस्त्यांच्या कापणीत काळ्या थरांमध्ये तांबडे पट्टे दिसतात. दोन उद्रेकांमधल्या विसाव्यात खडक झिजून त्यांतले बरेचसे तयार झाले. म्हणजे दख्खनचे वायू थांबत थांबत सुटले, आणि अशा विसाव्यात जीव जगू शकत होते. मुंबईत वरळीला, संहारानंतरच्या काळातल्या लाव्हाथरांमधल्या गाळात, बेडकांचे जीवाश्म मिळाले आहेत. आघातानंतरही लाव्हा काही लाख वर्षे वाहत होता. समुद्रातली जीवसृष्टी सावरायला लागलेल्या विलंबात त्याचा हात असू शकतो. डायनोसॉरच्या मृत्यूचा मुख्य दोष मात्र आजच्या पुराव्यावर सह्याद्रीच्या माथी मारता येत नाही.