रंगांतून आंकड्यांची ओळख

दिवाळीची सुटी लागली म्हणजे घरांत दोन गोष्टी एकदमच येतात : फराळाची गडबड आणि मुलांची रिकामी दुपार. अशा दुपारीं तीन ते सहा वर्षांच्या मुलांपुढें रंगीत खडू व चित्राचा कागद ठेवण्याची पद्धत आतां पुष्कळ घरांत रूढ झाली आहे. आकाशकंदिलाच्या चित्राचे भाग पाडून त्यांत आंकडे लिहिलेले असतात. १ च्या भागाला पिवळा, २ च्या भागाला निळा असा रंग द्यावयाचा. चित्र पुरें झालें कीं मूल आनंदतें आणि त्याला आंकडे येऊं लागले असें समजून घरचीं माणसेंही समाधान पावतात. हें समाधान कितपत साधार आहे, तें मात्र पाहिलें पाहिजे.

आंकडा ओळखणें म्हणजे तीन गोष्टींची सांगड घालणें होय. 'पांच' हा उच्चार, '५' ही खूण आणि ताटांत ठेवलेल्या पांच पणत्या, या तिहींचा अर्थ एकच, हें मुलाला उमगलें पाहिजे. उजळणी घडाघड म्हणणारें मूलही 'पांच पणत्या आण' म्हटल्यावर ओंजळभर पणत्या घेऊन येतें. त्याच्यापाशीं उच्चार असतो, कदाचित् खूणही असते. संख्या मात्र नसते. ही उणीव तशीच राहून मूल पहिलींत गेलें, तर बेरीज-वजाबाकी त्याला न कळणाऱ्या मंत्राप्रमाणें पाठ करावी लागते, आणि गणिताचें भय तेथूनच मनांत शिरूं लागतें.

वर सांगितलेल्या चित्रांत नेमकी हीच उणीव राहून जाते. कोपऱ्यांतील सूचींत '५ : तांबडा' असें लिहिलेलें असतें. मूल सूचींतील आकृति चित्रांतील आकृतीशीं ताडून पाहतें आणि रंग भरतें. आंकड्यांच्या जागीं पान, मासा, चांदणी काढली असती, तरी काम तितकेंच बिनचूक झालें असतें. कारण मोजण्याचा प्रसंगच कोठें आला नाहीं. आकृतींतील भेद डोळ्यांना कळूं लागला, हा लाभ खोटा नव्हे. पण तो अपुरा आहे.

यावर उपाय सोपा आहे. सूचींत आंकडे न लिहितां ठिपके काढावे : तांबड्या रंगापुढें पांच, पिवळ्यापुढें तीन. चित्रांत मात्र आंकडेच असावे. मग '५' दिसला कीं ठिपके मोजल्यावांचून मुलाला रंग सांपडत नाहीं, आणि खूण व संख्या यांची गांठ त्याच्या स्वतःच्या हातून पडते.

दुसरा खेळ पणत्यांचा. कागदावर दहा पणत्या ओळीनें काढून वर '४' हा आंकडा लिहावा आणि तितक्याच ज्योती रंगविण्यास सांगावें. रंगाच्या भरांत पांचवी, सहावी ज्योतही पिवळी होऊन जाते. चारांवर थांबणें हीच खरी कसोटी. मोजतांना शेवटीं उच्चारलेला अंक हा साऱ्या समूहाचा अंक असतो, हें तत्त्व गेलमन व गॅलिस्टेल या मानसशास्त्रज्ञांनीं १९७८ सालच्या आपल्या ग्रंथांत मोजणीच्या मूलतत्त्वांत गणलें आहे. एखाद्या कागदावर '०' लिहून एकही ज्योत रंगवावयाची नाहीं असें सांगितलें, तर शून्याचा अर्थही हंसतखेळत कळतो.

या विचाराची परंपरा जुनी आहे. मारिया माँटेसरी यांनीं १९०७ सालीं रोम शहरांत आपलें पहिलें बालगृह उघडलें. त्यांच्या पद्धतींत मुलें खरखरीत कागदाचे आंकडे बोटांनीं गिरवितात आणि आंकडा लिहिलेल्या खणांत तितक्याच लांकडी कांड्या ठेवतात. ताराबाई मोडक यांनीं १९४५ सालीं बोर्डी येथें खेड्यांतील मुलांसाठीं कार्य आरंभिलें. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी होत्या. शिंपले, खडे, बिया, पानें हीच त्यांची साधनें झालीं. दिवाळींत तर असें साधन दारांतच असतें. रांगोळीचे तीन ओळींत तीन तीन ठिपके मुलानें मोजून द्यावे, मोठ्यांनीं रेघा जोडाव्या आणि रंग पुन्हां मुलानें भरावे. कागदाची गरजच उरत नाहीं.

कांहीं पथ्यें मात्र पाळावीं. प्रथम १ ते ३, मग ५ पर्यंत आणि ते पक्के झाल्यावरच १० पर्यंत जावें. ३ आणि ६ यांचीं तोंडें उलट दिशांना असतात, १ व ९ यांतही साम्य आहे. अशा जोड्या एकाच दिवशीं शिकवूं नयेत. तांबडा व हिरवा यांतील भेद कांहीं मुलांना, विशेषतः मुलग्यांना, जन्मतःच नीट दिसत नाहीं. म्हणून आरंभीं पिवळा व निळा हे रंग बरे. रंग रेघेबाहेर गेला तर ती हाताची कच्चाई होय, आंकड्याची चूक नव्हे. तिच्यासाठीं मुलाला रागें भरूं नये. मोजण्यांत चूक झाली, तर 'पुन्हां मोजून पाहूं या' एवढेंच म्हणावें.

सुटी संपतांना किती चित्रें रंगवून झालीं, याचा हिशेब नको. कागद व खडू बाजूला ठेवून '४' लिहिलेली चिठ्ठी मुलाच्या हातांत द्यावी आणि तितक्या पणत्या आणावयास सांगावें. मूल चार पणत्या आणून थांबलें, तर सुटींतले रंग सार्थकीं लागले असें समजावें. न थांबलें, तर खेळ आणखी कांहीं दिवस चालूं द्यावा.