वऱ्हाड सोन्याची कुऱ्हाड! पण कुऱ्हाडच का?

पुण्या-मुंबईत नव्या ओळखीत तुम्ही "आम्ही वऱ्हाडातले" म्हणालात, की समोरचा हसून विचारतोच, "कोणाच्या लग्नाचं वऱ्हाड?" विनोद फार जुना आहे, पण अमरावती-अकोल्याच्या माणसाला तो दरवेळी नव्याने ऐकून घ्यावा लागतो. मग आपणही घरात ऐकलेलं ठेवणीतलं वाक्य बाहेर काढतो, "वऱ्हाड म्हणजे सोन्याची कुऱ्हाड!" त्यावर कोणी विचारलं, की बाबा, सोन्याचं ताट नाही, सोन्याची वाटी नाही, कुऱ्हाडच का, तर मात्र आपण गप्प होतो.

म्हणून आज जरा या कुऱ्हाडीचा माग काढूया.

आधी लग्नाचं बघू

लग्नाचा विनोद अगदीच निराधार नाही. रुक्मिणीचं माहेर मानलं जाणारं कौंडिण्यपूर अमरावती जिल्ह्यात, वर्धा नदीच्या काठी आहे. श्रीकृष्णाने रुक्मिणीला नेलं ते अमरावतीच्या अंबादेवीच्या देवळातून, अशी इथली श्रद्धा. त्या लग्नाच्या वऱ्हाडावरूनच प्रदेशाला नाव पडलं, असं सांगणारे आजोबा आजही भेटतील.

अकबराच्या दरबारातल्या अबुल फजलने मात्र 'ऐन-इ-अकबरी'त वेगळं कारण दिलंय. त्याच्या मते मूळ नाव 'वरदातट', म्हणजे वरदा ऊर्फ वर्धा नदीचा काठ. यातलं कोणतं खरं मानायचं ते तुम्ही ठरवा. लग्नाची गोष्ट जास्त रंगते, एवढं नक्की.

सोनं आलं कुठून?

वऱ्हाडात सोन्याची खाण नाही. इथलं सोनं पांढरं, म्हणजे कापूस. काळी, ओल धरून ठेवणारी जमीन त्याला मानवली.

१८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिलं. कारण होतं फौजेच्या खर्चाचं थकलेलं देणं. पुढे १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झालं, तिथला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना आणि इथल्या कापसाचा भाव आभाळाला भिडला. युद्ध संपलं, अमेरिकेचा माल परत येऊ लागला आणि भाव खाली आला. युद्ध सातासमुद्रापार, पण त्याने आधी खिसा भरला आणि नंतर रिकामा केला तो वऱ्हाडातला.

१८६७ पर्यंत भुसावळ-नागपूर रेल्वे झाली. अकोला आणि बडनेरा तिच्यावर आले. अमरावती आणि खामगाव बाजूला राहिले, तर तिथल्या कापसासाठी मुद्दाम फाटे काढले गेले. मुख्य मार्ग सोडून रेल्वे अमरावतीत कशी शिरली, याचं उत्तर बरंचसं त्या कापसात आहे.

गंमत पुढे आहे. १९०२ मध्ये वऱ्हाड इंग्रजांनी निजामाकडून कायमच्या पट्ट्याने घेतलं, वर्षाला २५ लाख रुपये देऊन. १९३६ मध्ये निजामाच्या वारसाला 'प्रिन्स ऑफ बेरार' हा किताब मिळाला. बेरार म्हणजे वऱ्हाड. राजपुत्र वऱ्हाडचा, कारभार मात्र दुसऱ्याच्या हाती!

क्विंटलले तोळा

आता घरातल्या गणिताकडे येऊ. वऱ्हाडातल्या कोणत्याही म्हाताऱ्या शेतकऱ्याजवळ बसा, तो सांगेल, "तवा एका क्विंटलले तोळाभर सोनं येत होतं, बाप्पा!" १९७२ च्या आसपास दहा ग्रॅम सोनं साधारण दोनशे रुपयांना मिळायचं, हे लक्षात घेतलं तर आजोबा फार फुगवून सांगत नाहीत.

आज काय? २०२५-२६ साठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव आहे क्विंटलला ८,११० रुपये. २०२५ मध्ये दहा ग्रॅम सोन्याने एक लाखाचा टप्पा ओलांडला. म्हणजे एका तोळ्याला बारा क्विंटलहून जास्त कापूस लागतो, आणि तोसुद्धा आजच्या दहा ग्रॅमच्या तोळ्याला. जुना तोळा होता ११.६६ ग्रॅमचा! कोरडवाहू एकरात चार-पाच क्विंटल कापूस धरला, तर एका तोळ्यासाठी जवळजवळ तीन एकरांचं पीक गेलं. बियाणं, खत, फवारणी, वेचणीची मजुरी यांचा हिशेब तर अजून मांडलेलाच नाही.

इथे कोणी म्हणेल, सोनं सगळ्यांसाठीच महागलं, त्याच्याशी तुलना कशाला? बरोबर आहे. दूध, पगार, एसटीचं तिकीट, काहीही सोन्यात मोजलं तर चित्र बिघडलेलंच दिसेल. मग शेतकरी सोन्यातच का मोजतो? कारण कापूस विकून हाती आलेल्या पैशावर घरातलं लग्न ठरायचं. लेकीच्या अंगावर किती तोळे घालता येतील, हा हिशेब दिवाळीनंतर कापूस घरी आला की सुरू व्हायचा. म्हणजे वऱ्हाड प्रदेशाचं गणित शेवटी लग्नाच्या वऱ्हाडापाशीच येऊन थांबतं. पुण्यातला तो विनोद करणारा नकळत बरोबर बोलतो!

तर मग कुऱ्हाडच का?

साधं उत्तर असं, की यमक जुळतं. वऱ्हाडला कुऱ्हाड जशी बसते, तशी वाटी बसत नाही. कितीतरी म्हणी अशाच यमकाने तोंडात बसल्या आहेत.

पण मला वाटतं, कुऱ्हाड चुकून का होईना, नेमकी जागी पडलीय. सोन्याच्या कुऱ्हाडीने लाकूड तुटत नाही, कारण सोनं मऊ. ती विकली तरच तिचा उपयोग, आणि किंमत ठरवणार घेणारा. कापसाचंही तसंच. ज्वारी पिकवली तर भाव पडला तरी घरात भाकरी आहे. कापूस खाता येत नाही. त्याचा भाव कधी अमेरिकेतल्या युद्धाने ठरला, कधी सरकारी खरेदीने, कधी जगाच्या बाजाराने. पिकवणाऱ्याने तो क्वचितच ठरवला.

म्हण बढाईची आहे आणि ती मारायला आपल्याला आवडते. मारावी की! फक्त पुढच्या वेळी गावाकडे गेलात, तर आजोबांना एवढं विचारा: त्यांच्या लग्नात किती तोळे सोनं होतं आणि त्याला किती क्विंटल कापूस लागला होता? या म्हणीचा अर्थ त्यांच्या उत्तरात सापडेल.