भक्तिगीत, रॉक संगीत आणि रसिकाचा न्याय

बीड जिल्ह्यात अखंड हरिनाम सप्ताहाचा मंडप ज्या गावी पडत नाही असे गाव विरळा. ज्या घरात आजोबा अभंगाशिवाय दुसरे गाणे कानी घेत नाहीत, त्याच घरातील नातू दाराआड बसून परदेशी रॉक संगीत ऐकत असतो, हे दृश्यही आता कोणास नवे राहिलेले नाही. दोघांनाही संगीत प्रिय आहे. तथापि एकमेकांच्या संगीताविषयी दोघांचा निकाल मात्र न ऐकताच लागलेला असतो. ‘देवाचे नाव आहे, तेव्हा ते गाणे चांगलेच,’ असे एकाचे म्हणणे; ‘देवाचे नाव आहे, तेव्हा ते कंटाळवाणेच,’ असे दुसऱ्याचे. विषयावरून गाण्याची किंमत ठरवायची, कानावरून नव्हे, हा दोष या दोन्ही मतांत सारखाच आहे.

हा प्रश्न केवळ आपल्याकडचा नव्हे. ज्या देशात रॉक संगीत जन्मास आले, त्या अमेरिकेत ‘ख्रिस्ती रॉक’ नावाची एक स्वतंत्र शाखाच निर्माण झाली. आणि तेथील रसिकांस धार्मिक मुद्रिका व लौकिक मुद्रिका एकाच तराजूने तोलाव्यात की निरनिराळ्या, याचा विचार करावा लागला. महाराष्ट्रात हाच प्रश्न निराळ्या वेषात फार पूर्वी उभा राहिला होता, आणि त्याचे एक उत्तम उत्तर बीडच्या शेजारच्याच जिल्ह्यात मिळालेले आहे.

प्रथम ‘अल्बम’ म्हणजे काय ते पाहू. मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या जुन्या ग्रामोफोन तबकडीच्या एका बाजूस सुमारे तीन-साडेतीन मिनिटांचे गाणे मावत असे. अशा अनेक तबकड्या ज्या बांधीव पुस्तकासारख्या वेष्टनात ठेवीत, त्यास अल्बम म्हणत. 1948 साली अमेरिकेतील कोलंबिया कंपनीने दीर्घकाल वाजणारी तबकडी बाजारात आणली. तिच्या एका बाजूस वीस मिनिटांहून अधिक संगीत राहू लागले. तेव्हापासून दहा-बारा गाण्यांचा एक संच हीच एक कृती समजली जाऊ लागली. नारदीय कीर्तनात जसा पूर्वरंगाचा उत्तररंगाशी संबंध असतो, तसाच पहिल्या गाण्याचा शेवटच्या गाण्याशी असावा, अशी अपेक्षा निर्माण झाली. म्हणून अल्बमचे परीक्षण म्हणजे एका गाण्यावर खूष होणे नव्हे. संपूर्ण संच ऐकून त्यातील बरे-वाईट कारणांसह सांगणे होय.

अशी कारणे देण्याची परंपरा मराठी मुलखास अपरिचित नाही. अंबाजोगाईस ज्यांची समाधी आहे, ते दासोपंत सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धातील. ‘गीतार्णवा’सारखा प्रचंड ग्रंथ रचणाऱ्या आणि लांबलचक वस्त्रावर ‘पासोडी’ लिहिणाऱ्या या संताने पदेही विपुल रचली, आणि ती कोणत्या रागात गावयाची त्याचे निर्देश पदांबरोबर आढळतात. यातून एक गोष्ट स्पष्ट होते. भक्ती मनापासून असली म्हणजे सूर कसाही लागला तरी चालतो, असे या भक्तास वाटत नव्हते. देवापुढे ठेवावयाचे गाणे नीट बांधलेले असावे, हा त्याचा आग्रह होता.

आता शेजारच्या जिल्ह्याची गोष्ट. अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, येथे 1831 पासून अमेरिकन मराठी मिशनचे काम सुरू झाले. मिशनरी मंडळींनी उपासनेसाठी इंग्रजी गीतांची मराठी भाषांतरे केली आणि ती मूळच्या पाश्चात्त्य चालींवरच गाण्याचा प्रघात पाडला. भाव शुद्ध होता, विषय पवित्र होता. परंतु गाणे मराठी कानास परके वाटे. याचे कारण शास्त्रीय आहे. इंग्रजी गीताची चाल शब्दातील आघातावर उभी असते. जेथे आघात, तेथे ठेका. मराठीत तसा ठळक आघात नाही. येथे वृत्तात लघु-गुरूचा हिशेब, आणि ओवी-अभंगात अक्षरांचा. मोठ्या अभंगाचे पहिले तीन चरण सहा-सहा अक्षरांचे आणि चौथा चार अक्षरांचा. दुसऱ्या व तिसऱ्या चरणांचे यमक जुळते. अशी भाषा परक्या चालीत बसविली म्हणजे ‘प्रभु’ शब्दातील लघु ‘भु’ ताणला जातो, दीर्घ अक्षर आखडते आणि अर्थाचा शब्द ठेक्याबाहेर पडतो. गाणारा श्रद्धेने गातो. पण जीभ अडखळते.

या अडचणीवरचा उपाय मराठीत त्याहूनही जुना होता. गोमंतकात 1579 साली आलेले इंग्रज जेझुइट फादर स्टीफन्स यांनी आपले ‘ख्रिस्तपुराण’ ओवीत रचले, आणि 1616 साली ते राचोल येथे छापले गेले. त्यातील ओव्यांची संख्या सुमारे अकरा हजार भरते. परदेशातून आलेल्या या माणसाने मराठी माणसाशी बोलावयाचे तर मराठीच्याच चालीने बोलावे, हे ओळखले होते. पुढे नगरकडे कृष्णाजी रत्नाजी सांगळे यांनी एतद्देशीय पद्धतीची ख्रिस्ती पदे रचली, आणि 1895 साली मुंबईस बाप्तिस्मा घेतलेले रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी ती वाट राजमार्ग करून सोडली. अभंग, पद, भजन, कीर्तन ही सारी मराठी साधने त्यांनी ख्रिस्ती उपासनेत आणली. ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहात त्यांच्या शंभराहून अधिक रचना आहेत. 1919 साली टिळक निवर्तले. त्यांची गीते मात्र मराठी ख्रिस्ती मंडळ्यांत आजही गायिली जातात. गंमत अशी की, ज्या इंग्रजी भाषेतून पूर्वी भाषांतरे येत, त्याच भाषेत टिळकांच्या काही पदांची भाषांतरे निकोल मॅकनिकोल यांनी केली.

यावरून रसिकाने काय घ्यावे? भाषांतरित गीते आणि टिळकांची गीते यांचा देव एकच, श्रद्धा एकच. मग एक गीत ओठांवर सहज रुळते आणि दुसरे तितके रुळत नाही, यास कारण काय? कारण रचनेत आहे, विषयात नाही. धार्मिक गीताचे परीक्षण करणे म्हणजे श्रद्धेवर घाला घालणे, ही समजूत म्हणूनच चुकीची आहे. भाषांतरित गीते मराठी गळ्यास अडतात हे टिळकांनी प्रांजळपणे ओळखले नसते, तर ती नवी गीते जन्मासच आली नसती.

आता रॉक संगीताकडे वळू. त्याचा पाया साधा आहे. चार मात्रांचे आवर्तन, आणि दुसऱ्या व चौथ्या मात्रेवर ड्रमचा ठळक आघात. भजनी ठेक्यावर टाळ धरणाऱ्या माणसास ही ओढ समजावयास कठीण नाही. त्यावर विजेच्या गिटारीचा ध्वनी आणि मोकळ्या गळ्याचे गाणे. हे संगीत चर्चच्या विरुद्ध उभे राहिले असा एक समज आहे. वस्तुस्थिती बरीचशी उलट आहे. सिस्टर रोझेटा थार्प ही कृष्णवर्णीय स्त्री विजेच्या गिटारीवर ख्रिस्ती भजने गात असे. तिच्या 1944 सालच्या एका मुद्रिकेत रॉक संगीताची चाहूल अनेक जाणकारांस ऐकू येते. ती रात्रीच्या नाट्यगृहांतूनही गाई म्हणून धर्मनिष्ठांनी तिला बोल लावले. 1954 साली रे चार्ल्स याने एका भजनाच्या धाटणीवर प्रेमगीत बांधले, तेव्हा दोष उलट बाजूने आला: देवाची चाल प्रपंचास दिली! आणि ज्या एल्व्हिस प्रेस्लीच्या नावाने आईबापांच्या अंगावर काटा येई, त्यास मिळालेली तिन्ही ग्रॅमी पारितोषिके धार्मिक गायनाबद्दलची आहेत.

1969 साली लॅरी नॉर्मन याचा ‘अपॉन धिस रॉक’ हा अल्बम निघाला. ख्रिस्ती रॉकचा आरंभ बहुधा तेथून मानतात. पुढे या संगीताची दुकाने वेगळी झाली, नभोवाणी केंद्रे वेगळी झाली, नियतकालिके वेगळी झाली. तेथेच परीक्षणाची गफलत सुरू झाली. धार्मिक पत्रातील परीक्षक बोध शुद्ध आहे की नाही एवढेच पाही, आणि सामान्य पत्रातील परीक्षक त्या कपाटाकडे फिरकतच नसे. गाण्यात येशूचे नाव किती वेळा आले यावरून प्रामाणिकपणा मोजणाऱ्यांची त्या मंडळींत थट्टाही होऊ लागली. ज्या कपाटास खरा टीकाकार नाही, तेथे सामान्य माल बिनधास्त बसतो. त्यात नुकसान श्रद्धावान श्रोत्याचेच होते. कारण त्याला थोडक्यावर समाधान मानण्याची सवय लागते.

1979 साली बॉब डिलन याने ‘स्लो ट्रेन कमिंग’ हा अल्बम काढून या भिंतीस भगदाड पाडले. ज्याच्या लौकिक गीतांनी एक पिढी भारली होती, तो आता उघड ख्रिस्ती उपदेश गाऊ लागला. चाहत्यांत फूट पडली. या अल्बमची निर्मिती बॅरी बेकेटसह जेरी वेक्सलर याने केली. वेक्सलर पूर्वी रे चार्ल्सच्या मुद्रिकांच्या कामात होता, आणि स्वतः देव न मानणारा होता. तरी त्याने काम चोख केले. आणि ज्यांना त्यातील उपदेशाचा कठोर स्वर रुचला नाही, त्यांतील अनेकांनी वादनाची व मुद्रणाची वाखाणणी केली. परीक्षण असे असावे. ‘शब्द दुसऱ्यावर फार बोट रोखतात, परंतु साथ संयमी आहे आणि गळा जीव ओतून गातो,’ असे तीन निरनिराळे निर्णय एकाच मुद्रिकेबद्दल देता आले पाहिजेत.

याउलट उदाहरण आयर्लंडच्या ‘यू टू’ या वाद्यवृंदाचे. 1987 सालचा त्यांचा ‘द जोशुआ ट्री’ हा अल्बम धार्मिक म्हणून विकला गेला नाही. तरी त्यातील एका गीतात श्रद्धा असूनही शोध संपलेला नाही, असे कबूल केले आहे. पुढे न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातील एका भजनी गायकवृंदाने तेच गीत त्यांच्याबरोबर गायिले. ज्याने तुकारामाचे तळमळीचे आणि शंकेचे अभंग ऐकले आहेत, त्यास हा भाव परका वाटण्याचे कारण नाही. शंका बोलून दाखविणारे गीत पाठ केलेल्या निश्चयापेक्षा कधी कधी अधिक भक्तीचे असते.

तेव्हा घरात नवा अल्बम आला असता रसिकाने क्रमाने काही प्रश्न विचारावेत. शब्द स्वतःच्या अनुभवाचे आहेत की घासून गुळगुळीत झालेले? चाल शब्दांस वाहून नेते की शब्द चालीमागे फरफटतात? वाद्यांचा गलबला अर्थ झाकतो काय? गायकाचा गळा खरा वाटतो काय? संच शेवटपर्यंत ऐकण्याजोगा आहे काय? भक्तिगीत असेल तर आणखी एक प्रश्न: ते चारचौघांस मिळून गाता येईल काय? लौकिक गीत असेल तर: ते ऐकणाऱ्याच्या मनात काय जागे करते?

चालीचे मूळ कोणते, हाही प्रश्न महत्त्वाचा. जॉर्ज हॅरिसन याने 1970 साली ‘माय स्वीट लॉर्ड’ या गीतात ख्रिस्ती व वैष्णव नामघोष एकत्र गुंफला. पण त्याची चाल 1963 साली गाजलेल्या एका प्रेमगीतावरून नकळत उचललेली आहे, असा निर्णय 1976 साली अमेरिकेतील न्यायालयाने दिला. हेतू पवित्र होता म्हणून न्यायाधीशाने सूट दिली नाही. आपल्याकडे उत्सवाच्या मंडपात चित्रपटगीताच्या चालीवर भजन बसवितात, तेव्हा हाच मुद्दा ध्यानात ठेवावा. श्रोत्याच्या मनात विठ्ठलाऐवजी पडद्यावरची नायिका उभी राहिली, तर चूक श्रोत्याची नव्हे.

मात्र चित्रपट किंवा नभोवाणी ही लौकिक साधने आहेत म्हणून त्यांतून भक्ती उपजत नाही, असेही नाही. 1936 सालच्या ‘संत तुकाराम’ चित्रपटासाठी शांताराम आठवले यांनी रचलेले एक पद इतके अस्सल उतरले की, कित्येकांनी ते तुकारामांचेच मानले. 1955 च्या एप्रिलपासून वर्षभर पुणे नभोवाणी केंद्राने माडगूळकर-फडक्यांचे छप्पन्न गीतांचे ‘गीतरामायण’ प्रक्षेपित केले. त्याचे मोल केवळ रामकथेमुळे नव्हे, प्रत्येक गीताच्या बांधणीमुळे टिकले.

आजोबांनी नातवाचा एक अल्बम संपूर्ण ऐकावा, आणि नातवाने आजोबांच्या अभंगांची एक मुद्रिका संपूर्ण ऐकावी. मग दोघांनी आपापली मते कारणांसह सांगावीत. मते जुळतीलच असे नाही. परंतु ज्या घरात कारणे विचारली जातात, त्या घरात दार लावून गाणे ऐकण्याची पाळी मुलावर येत नाही, आणि देवाच्या नावाखाली बेसूर गाणे खपवून घेण्याची पाळी वडीलधाऱ्यांवर येत नाही.