अफवेचे गणित

बुद्धिबळाच्या पटावरील गव्हाच्या दाण्यांची गोष्ट तुम्ही ऐकली असेलच. पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, असे दाणे मांडता मांडता राजाचे कोठार रिते झाले. हेच गणित आज आपल्या हातातील मोबाईलमध्येही दडलेले आहे. २०२० साली त्याने कोंबडीपालकांना कसे रडवले, ते पाहू या.

त्या वर्षी फेब्रुवारीत करोनाची साथ भारताच्या दाराशी येऊन ठेपली होती. लोक धास्तावलेले होते. अशा वेळी ‘कोंबडी खाल्ल्याने करोना होतो’ असा संदेश रोगट कोंबड्यांच्या छायाचित्रांसह व्हॉट्सॲपवर फिरू लागला. पाहता पाहता गिऱ्हाइकांनी चिकनच्या दुकानांकडे पाठ फिरवली. एक किलो कोंबडी वाढवण्यास शेतकऱ्याला सुमारे सत्तर रुपये खर्च येत असे. मार्चमध्ये महाराष्ट्रात अनेक ठिकाणी त्याच्या हाती किलोमागे दहा-पंधरा रुपयेही पडेनात.

मग भाव वाढेपर्यंत त्याने थांबायचे होते, असे तुम्ही म्हणाल. पण कोंबडी म्हणजे पोत्यातले धान्य नव्हे. ब्रॉयलर जातीचा पक्षी साधारण चाळीस दिवसांत विक्रीयोग्य होतो. त्यानंतरही तो रोज दाणे खातच राहतो आणि खर्च वाढत जातो. म्हणून कोणी कोंबड्या फुकट वाटल्या, तर बेळगाव जिल्ह्यात एका कोंबडीपालकाने हजारो जिवंत पक्षी खड्ड्यात पुरले. कोंबडीच्या खाद्यात मका आणि सोयाबीनची पेंड असते. साहजिकच ही झळ मका आणि सोयाबीन पिकवणाऱ्यांपर्यंतही पोहोचली.

संदेशात तथ्य होते का? मुळीच नाही. करोना विषाणू मुख्यतः माणसाच्या श्वासातून, खोकल्या-शिंकेतून दुसऱ्या माणसाकडे जातो. २०२० साली शास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेत कोंबड्यांच्या शरीरात हा विषाणू मुद्दाम सोडून पाहिला. पण तो तेथे रुजलाच नाही. मग लोकांना ते खरे का वाटले? कारण त्यात अर्धसत्य होते. कोंबड्यांना श्वसनाचा एक आजार होतो आणि त्याचा विषाणूही करोनाच्याच कुळातला असतो. हा आजार १९३१ सालापासून शास्त्रज्ञांना ठाऊक आहे. मात्र तो माणसाला होत नाही. कुळ एक, पण घरे निराळी!

आता गणिताकडे वळू. समजा, एकाने संदेश पाच जणांना पाठवला. त्या प्रत्येकाने आणखी नव्या पाच जणांना. पाच, पंचवीस, एकशे पंचवीस... दहाव्या टप्प्याला आकडा ९७,६५,६२५ होतो आणि तेराव्या टप्प्याला १२२ कोटींच्या पुढे जातो!

प्रत्यक्षात प्रत्येक जण संदेश पुढे पाठवत नाही. समजा, एक हजार जणांना संदेश मिळाला आणि दहांपैकी एकानेच तो पुढे ढकलला. म्हणजे पाठवणारे शंभर झाले. प्रत्येकाने वीस जणांना पाठवला, तर तो २,००० जणांकडे जाईल. मग ४,०००, ८,००० अशी वाढ होत राहील. पण प्रत्येकाने पाचच जणांना पाठवला, तर? ५००, २५०, १२५... अफवा आपोआप विझेल. रोगाच्या साथीचेही असेच असते. एका रोग्यापासून सरासरी एकापेक्षा जास्त जणांना लागण झाली की साथ फैलावते. एकापेक्षा कमी जणांना झाली की ओसरते.

हा प्रश्न केवळ पैशांचा नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे, मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने भटक्या समाजातील पाच निरपराध माणसांना ठार मारले. देशात इतरत्रही असे प्रकार घडले होते. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी संदेश पुढे पाठवता येईल, अशी मर्यादा घातली. मात्र यात एक मेख होती. ‘ठिकाण’ म्हणजे एखादा गटही असू शकतो. त्या काळी एका गटात २५६ सभासद असू शकत. तेव्हा पाच गट म्हणजे बाराशेंहून अधिक माणसे! म्हणून एप्रिल २०२० मध्ये, अनेक हातांतून फिरलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल, असे बंधन आले. त्यानंतर अशा संदेशांची संख्या सुमारे सत्तर टक्क्यांनी घटली, असे कंपनीने सांगितले.

खरी बातमी मागाहून येऊन खोटीला गाठत नाही का? अमेरिकेतील एमआयटी या संस्थेच्या संशोधकांनी ट्विटरवरील सुमारे १,२६,००० बातम्यांचा माग काढून २०१८ साली निष्कर्ष मांडले. १,५०० लोकांपर्यंत पोहोचण्यास खऱ्या बातमीला खोटीच्या सहापट वेळ लागत होता. खोटी बातमी नवलाची असते, म्हणून आपण ती चटकन पुढे ढकलतो.

हे माध्यम वाईटच, असे मात्र समजू नका. त्याच वर्षी टाळेबंदीत बाजार बंद पडले, तेव्हा कित्येक शेतकऱ्यांनी व्हॉट्सॲपवरून मागणी घेऊन भाजी आणि फळे थेट शहरांतील घरांपर्यंत पोहोचवली. सुरी तीच, भाजी चिरायची की बोट, हे हातावर अवलंबून.

आता एक उदाहरण तुम्ही सोडवा. संदेश पुढे पाठवणारा प्रत्येक जण तो वीस जणांना पाठवतो. मग संदेश मिळालेल्या किती जणांपैकी एकानेच तो पुढे पाठवला, तर अफवा विझू लागेल? उत्तर काढलेत की ध्यानात येईल, की कंपनीने घातलेल्या मर्यादेखेरीज आणखी एक मर्यादा आहे आणि ती आपल्या बोटात आहे.