एक सर्व्हर, अनेक सभासद

उसाची तोड कधी येणार, वजन किती भरले आणि बिल किती निघाले, हे विचारायला वारणा खोऱ्यातल्या शेतकऱ्याला पूर्वी कारखान्याच्या ऑफिसात खेटे घालावे लागत. १९९८ साली ‘वारणा वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प आला आणि ही माहिती गावातच मिळण्याची सोय झाली. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र, महाराष्ट्र शासन आणि वारणा विभाग शिक्षण मंडळ यांनी मिळून कोल्हापूर-सांगली जिल्ह्यांतली ७० गावे त्यासाठी निवडली. खर्चाचा निम्मा वाटा केंद्र सरकारचा, ४० टक्के राज्याचा आणि १० टक्के शिक्षण मंडळाचा होता. गावातल्या केंद्रात संगणक आणि प्रिंटर, आणि सगळ्यांची नोंद वारणानगरच्या मध्यवर्ती यंत्रणेत.

प्रकल्पाकडून अपेक्षा मोठ्या होत्या. प्रत्यक्षात लोकांनी केंद्र वापरले ते मुख्यतः ऊस आणि खताच्या कामासाठी. मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या अभ्यासकांनी हे बारकाईने पाहिले आणि २००६-०७ मध्ये सात गावांत संगणकाऐवजी साधा मोबाइल देऊन तेच काम एसएमएसवर करून दाखवले. गावातला संगणक गेला, पण एसएमएसला उत्तर देणारे मधले यंत्र आणि त्यातली नोंद यांच्यावाचून कुणाचेच चालले नाही.

आज याच खोऱ्यातला एखादा गुऱ्हाळमालक सेंद्रिय गूळ विकायला वेबसाइट काढायला बसतो, तेव्हा त्यालाही असेच कुठले तरी मधले यंत्र लागते. ते विकत घेणे परवडत नाही, म्हणून तो ‘शेअर्ड होस्टिंग’ घेतो : एकच सर्व्हर आणि त्यावर शेकडो ग्राहकांच्या वेबसाइट. एका आयपी पत्त्यावर, म्हणजे सर्व्हरच्या इंटरनेटवरच्या एकाच क्रमांकावर, इतक्या साइट कशा राहतात? ब्राउझर प्रत्येक मागणीबरोबर साइटचे नावही पाठवतो आणि सर्व्हर त्या नावाचे फोल्डर उघडतो. १९९७ मध्ये वेबच्या नियमावलीत हे नाव पाठवणे सक्तीचे झाले, आणि प्रत्येक साइटला स्वतंत्र आयपी पत्ता घेण्याची गरज उरली नाही. होस्टिंग स्वस्त झाले त्यात या नियमाचा वाटा फार मोठा आहे.

कोल्हापूरकडच्या माणसाला यातली मेख उपसा सिंचन योजनेवरून चटकन कळेल. जॅकवेल एक, मोटर एक, सभासद अनेक. वरच्याने पाळी सोडून व्हॉल्व्ह उघडला की शेवटच्या शेताला पाणी पोचत नाही. सर्व्हरवरही एखाद्या साइटवर अचानक झुंबड उडाली किंवा तिच्यात व्हायरस शिरला, तर प्रोसेसर आणि मेमरी तीच खाऊन टाकते. म्हणून चांगले पुरवठादार प्रत्येक खात्याचा वाटा बांधून देतात. त्यासाठीच बनवलेली क्लाउडलिनक्स ही प्रणाली २०१० पासून वापरात आहे.

हा वाटा डोळ्यांनी पाहता येतो. सीपॅनल या होस्टिंगच्या नियंत्रण पानावर लॉगिन केले की एका बाजूला आकडे दिसतात : सीपीयू, मेमरी, एंट्री प्रोसेस, आयनोड. दिवाळीच्या आधी गुळाच्या ऑर्डरी एकदम आल्या आणि एंट्री प्रोसेसची, म्हणजे एकाच वेळी हाताळल्या जाणाऱ्या मागण्यांची, मर्यादा भरली, तर गिऱ्हाइकाला गूळ दिसत नाही. दिसतो तो ५०८ हा एरर. आयनोड म्हणजे फायलींची मोजदाद. प्रत्येक फोटो, प्रत्येक फाइल आणि मेलबॉक्समधला प्रत्येक ईमेलही त्यात धरला जातो. जाहिरातीत ठळक अक्षरांत ‘अमर्यादित जागा’ असते आणि अटींच्या पानावर आयनोडची मर्यादा. जाहिरातीआधी ते पान वाचायला हवे.

‘९९.९ टक्के अपटाइम’चा हिशेबही करून पाहावा. ३० दिवसांच्या महिन्यात ०.१ टक्का म्हणजे सुमारे ४३ मिनिटे. ९९ टक्के ऐकायला जवळपास तेवढेच वाटते, पण तिथे महिन्याला सात तास बारा मिनिटे साइट बंद राहू शकते. भरपाई मिळालीच तर बहुधा पुढच्या बिलातली थोडी सूट असते. गेलेल्या ऑर्डरी त्यात परत येत नाहीत.

गिऱ्हाईक पुण्या-मुंबईचे असेल तर सर्व्हर मुंबईत असलेला बरा. अमेरिकेतल्या सर्व्हरला हाक पोचून उत्तर यायला २०० मिलिसेकंद किंवा त्याहून जास्त लागतात, आणि एक पान उघडताना अशा हाका अनेक वेळा माराव्या लागतात. ईमेलचेही विचारून घ्यावे. त्याच सर्व्हरवरच्या शेजाऱ्याने स्पॅम पाठवले, तर तो आयपी पत्ता काळ्या यादीत जातो आणि गुऱ्हाळमालकाची पावतीही गिऱ्हाइकाच्या स्पॅममध्ये पडते.

बॅकअपच्या बाबतीत मात्र कुठलीही तडजोड नको. १० मार्च २०२१ ला फ्रान्समध्ये स्ट्रासबर्गला ओव्हीएच कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली आणि एक अख्खी इमारत जळाली. काही ग्राहकांचे बॅकअपही त्याच आगीत गेले. बॅकअप घेतला होता. तो दूर ठेवला नव्हता. म्हणून पुरवठादाराला बॅकअप कोणत्या शहरात असतो, किती दिवस मागचा मिळतो आणि परत चढवायला किती पैसे पडतात, हे पैसे भरण्याआधी लेखी विचारावे. ते रविवारी रात्री विचारावे, म्हणजे उत्तर किती वेळात आणि किती नेमके येते तेही कळते.

शाळा, गुऱ्हाळ, छोटे दुकान यांना शेअर्ड होस्टिंग पुरेसे आहे; त्यांच्या गळ्यात महागडा स्वतंत्र सर्व्हर मारणे अन्यायाचे. सभासदांच्या ठेवींची माहिती ठेवणाऱ्या पतसंस्थेने मात्र या वाटेला जाऊ नये. पहिल्या वर्षाचा दर पाहून तीन वर्षांचे पैसे एकदम भरू नयेत, नूतनीकरणाचा दर आधी पाहावा. डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, स्वतःच्या नावावर आणि स्वतःच्या ईमेलवर घ्यावे, वेबसाइट करून देणाऱ्या पोराच्या नावावर नव्हे. साइट सुरू झाली की पहिल्याच आठवड्यात पूर्ण बॅकअप आपल्या संगणकावर उतरवून घ्यावा, आणि तो दुसऱ्या एखाद्या खात्यावर चढवून साइट खरोखर उभी राहते का ते पाहावे.